एका सहीची सत्ता

'सर जरा तापट आहेत, पण मनाने फार चांगले.' संशोधनसंस्थेत नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सीनियर हे ऐकवतो. वर्षभरात त्या विद्यार्थ्याची झोप उडते, पुढच्या वर्षी तो लॅब मीटिंगमध्ये तोंड उघडेनासा होतो, आणि एक दिवस पीएच.डी. अर्धवट टाकून गावाकडे निघून जातो. मग दुसरे वाक्य येते: 'त्याला झेपलं नाही.' विज्ञानक्षेत्रातल्या छळाविषयीची आपली सगळी समज या दोन वाक्यांत मावते. एकीकडे मोठ्या माणसाचा स्वभाव, दुसरीकडे लहान माणसाचा कमकुवतपणा. जे स्वतःला अधिक संवेदनशील समजतात ते फक्त भूमिका बदलतात. त्यांच्या लेखी सर राक्षस आणि विद्यार्थी बिचारा. विचाराची चौकट मात्र तीच राहते. दोघांची पत्रिका जुळली नाही, यापलीकडे ती जात नाही.

मला ही समज उथळ वाटते. माझे म्हणणे दोन भागांत आहे. पहिला भाग: विज्ञानसंस्थांतला छळ मुख्यतः स्वभावातून निघत नाही, तो एकाच माणसाच्या हातात साचलेल्या सह्यांमधून निघतो. दुसरा भाग: हा प्रश्न माणुसकीपुरता नाही. जिथे धाक आहे तिथे डेटा बिघडतो, म्हणून हा विज्ञानाच्या खरेपणाचा प्रश्न आहे. दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, पण तिथे पोचण्यासाठी आधी पहिला मांडावा लागेल.

१. स्वभावाचा सिद्धांत टिकत नाही

जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या एका संचालिकेला सहकाऱ्यांवरच्या दमदाटीच्या तक्रारींनंतर डिसेंबर २०१८मध्ये पद सोडावे लागले. त्यांच्या संशोधनाचा विषय होता सहानुभूती. दुसऱ्याचे दुःख पाहताना मेंदूत काय घडते, यावर त्यांचे काम जगभर नावाजलेले होते. योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. पण छळ हा समज नसल्यामुळे होतो, चार व्याख्याने ऐकवली की माणूस सुधारतो, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणापाशी जरा थांबावे. या विषयावर ज्यांनी व्याख्याने द्यावीत, तक्रारी त्यांच्याविरुद्धच होत्या.

आता त्या संस्थेची घडण पाहा. माक्स प्लांक सोसायटीची पूर्वसूरी असलेली कैसर विल्हेल्म सोसायटी १९११मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष आडोल्फ फोन हार्नाक यांच्या नावाने एक तत्त्व तिथे चालत आले आहे: आधी सर्वोत्तम बुद्धीचा माणूस शोधा, मग त्याच्याभोवती संस्था उभी करा. पैसा, माणसे, विषय, सगळे त्याच्या मर्जीवर. या तत्त्वाने नोबेल पारितोषिकांची रांग लावली, हे खरेच. पण ज्याच्याभोवती संस्था उभी आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार संस्थेत कुठे करायची, याचे उत्तर त्या तत्त्वात नाही.

त्याच सुमारास अशाच तक्रारींनंतर झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठाने खगोलशास्त्राची एक संस्थाच बंद केली आणि २०१९मध्ये तिथल्या प्राध्यापिकेला बडतर्फ केले. १८५५पासून चालू असलेल्या त्या विद्यापीठाच्या इतिहासात प्राध्यापकाची बडतर्फी पहिल्यांदाच घडली. लंडनमध्ये २०१८ साली वेलकम ट्रस्टने एका नामांकित कर्करोग-संशोधिकेचे ३५ लाख पौंडांचे अनुदान काढून घेतले. म्युनिकजवळच्या गार्शिंगमधल्या एका संशोधनसंस्थेतही अशाच तक्रारी बाहेर आल्या. चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल की या चारही प्रकरणांत आरोप स्त्रियांवर होते. माझ्या मते त्याचा अर्थ स्त्रिया जास्त छळतात असा मुळीच नाही. कडक पुरुषाला 'शिस्तप्रिय' आणि कडक बाईला 'छळवादी' म्हणण्याची सवय सगळ्या जगाला आहे, आणि बाईच्या पाठीशी उभी राहणारी जुन्या मित्रांची फळीही सहसा नसते. पण एक गोष्ट यातून निश्चित कळते: खुर्चीवर कोण बसले आहे यापेक्षा खुर्ची कशी घडवली आहे, हे अधिक बोलते.

आणि आकडा. वेलकम ट्रस्टनेच २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चार हजारांवर संशोधकांनी उत्तरे दिली. त्यांतल्या ६१ टक्क्यांनी दमदाटी किंवा छळ पाहिला होता आणि ४३ टक्क्यांनी स्वतः सोसला होता. अशा पाहणीला त्रास झालेले लोक अधिक उत्साहाने उत्तर देतात, हे गृहीत धरून आकडा बराच कमी करून घ्या. तरीही इतके दुष्ट स्वभावाचे लोक नेमके याच एका व्यवसायात कसे जमले, हा प्रश्न उरतो.

२. सह्यांचा हिशेब

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला किती ठिकाणी गाइडची सही लागते, हे कधी मोजले जात नाही. प्रवेशाच्या अर्जावर लागते, फेलोशिप चालू राहावी म्हणून लागते, रसायनांच्या मागणीपत्रावर, रजेच्या अर्जावर, परिषदेला जाण्याच्या परवानगीवर लागते. दोन वर्षांनी ज्युनियर रिसर्च फेलोचे (जेआरएफ) सीनियर (एसआरएफ) व्हायचे असते, तेव्हा त्याच्याच शब्दाला वजन. पेपरवर कुणाचे नाव आधी, हे तोच ठरवतो. सिनॉप्सिस त्याच्या सहीने जातो, प्रबंध त्याच्या प्रमाणपत्राने, परीक्षकांच्या यादीतली नावे बहुधा त्यानेच सुचवलेली. एवढे सगळे पार पडून पदवी हाती आली, तरी पुढच्या पोस्टडॉकसाठी शिफारसपत्र त्याचेच हवे. ते पत्र विद्यार्थ्याला कधी वाचायलाही मिळत नाही.

कंपनीत साहेब वाईट निघाला तर माणूस नोकरी बदलतो; आधीचा अनुभव त्याच्या खात्यावर जमा असतो. इथे तीन वर्षांचे प्रयोग, पेशींचे नमुने, वह्या, सगळे लॅबच्या कपाटात राहते. नवा गाइड म्हणजे पुन्हा शून्य. शिवाय विषयातले पंधरा-वीस लोकच एकमेकांचे पेपर तपासतात, एकमेकांना व्हायवाला बोलावतात, आणि चहाच्या वेळी सहज विचारतात, 'ती तुमच्याकडून का गेली हो?'

फार मोठे अत्याचार व्हावे लागत नाहीत. सिनॉप्सिसची फाइल सोमवारी टेबलावर ठेवायची. सर म्हणतात, 'ठेवून जा, बघतो.' गुरुवारी ती त्याच जागी असते, फक्त वर दुसरी फाइल आलेली. मग सर परिषदेला जातात. परतल्यावर एका प्रोजेक्टचा अहवाल तातडीने हवा असतो, तो लिहून द्यायचा. मग परीक्षेच्या उत्तरपत्रिका येतात. मग सरांच्या मुलाचे शाळेचे सायन्स एक्झिबिशन. तोवर सबमिशनची तारीख गेलेली असते, पुढच्या सत्राचे शुल्क भरावे लागते आणि फेलोशिपची मुदत संपलेली असते. कुणी आवाज चढवला नाही, कुणी शिवी दिली नाही. तक्रारीत लिहायचे काय? 'सरांनी सही केली नाही' एवढेच.

यावर देखरेख असते, असे सांगितले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्रत्येक संशोधकासाठी सल्लागार समिती असते, दर सहामाहीला तिच्यासमोर प्रगती मांडायची असते. कागदावर व्यवस्था छान आहे. या समितीचा निमंत्रक कोण? खुद्द गाइड. ज्याच्या वागण्याविषयी विद्यार्थ्याला बोलायचे असेल, तोच बैठक बोलावणार आणि समोर बसणार. बाकीचे सदस्य त्याचे शेजारी. उद्या त्यांच्या विद्यार्थ्यांच्या समितीत त्यालाही बसायचे असते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे मी म्हणणार नाही, कारण बहुतेक गाइड चोर नसतात. पण चांगल्या माणसाच्या हातीही सगळ्या किल्ल्या देऊ नयेत, हा साधा हिशेबनीसाचा नियम आहे.

पैशाची बाजूही याच हिशेबातली. नेटमधून जेआरएफसाठी पात्र ठरलेल्याला महिना ३७,००० रुपये मिळतात. निदान ती फेलोशिप त्याच्या नावाची असते. प्रोजेक्टवर नेमलेल्या मुलाचे तसे नाही. प्रोजेक्ट सरांचा, नेमणूक सरांची, मुदतवाढही सरांची. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपवर शिकणाऱ्या मुलांना थकलेल्या रकमेसाठी आंदोलने करावी लागली, ती आपण पाहिली आहेत. अशा मुलाच्या पैशांवर बहुतेकदा घरही चाललेले असते. हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाने जानेवारी २०१६मध्ये आत्महत्या केली, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. फेलोशिप अडवणे हे इथले सर्वांत शांत हत्यार आहे.

३. निशाणा कोणावर

सह्यांची रचना छळ कसा शक्य होतो हे सांगते. तो कुणाच्या वाट्याला येतो, हे मात्र जात आणि लिंग ठरवतात. 'नेटला रँक किती होती?' हा प्रश्न वरवर साधा आहे. तो कुणाला विचारला जातो आणि कशासाठी, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. दिल्लीच्या एम्समधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७मध्येच हा भेदभाव नोंदवून ठेवला होता. मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी हिचा मृत्यू झाला तो त्यानंतर बारा वर्षांनी, २२ मे २०१९ रोजी. जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबातली ही मुलगी स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठ डॉक्टरांवरचे आरोप न्यायालयासमोर आहेत, त्यावर निवाडा देणे माझे काम नव्हे. एवढेच म्हणतो की जिथे वरच्याची मर्जी हाच नियम असतो, तिथे ती मर्जी समाजातल्या जुन्या उतरंडीच्या वाटेनेच वाहते.

४. धाकात डेटा बिघडतो

आता मुख्य मुद्दा. वैज्ञानिक चूक सर्वांत आधी कुणाला दिसते? ज्याच्या हातात पिपेट असते त्याला. सर गेली दहा-बारा वर्षे अनुदानाचे अर्ज लिहीत आहेत. उपकरणाचा आवाज बदलला, नमुना दूषित झाला, आकडे जुळेनात, हे खालच्या मुलालाच कळते. 'सर, हे येत नाहीये,' असे त्याला म्हणता आले पाहिजे, हीच विज्ञानाची पहिली तपासणी. त्यावर 'तुझ्या हातातच दोष आहे, पुन्हा कर' असे उत्तर मिळते. तो पुन्हा करतो, नाही येत. सगळ्यांसमोर पाणउतारा होतो. कधीतरी आकडा 'येतो'. खोटे कर, असे कुणीही सांगितलेले नसते. धाकाला तोंडी आदेशाची गरज पडत नाही.

ही कल्पना नव्हे. मे १९७२मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. विनोद शहा यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात नेमणुका आणि बढत्यांतल्या अन्यायाची तक्रार होतीच, पण वरिष्ठांच्या मताशी जुळेल अशी अशास्त्रीय माहिती गोळा करून वर पाठवली जाते, असाही आरोप होता. छळ आणि बिघडलेला डेटा या दोन गोष्टी एकाच पत्रात होत्या, कारण त्या एकाच मुळातून आल्या होत्या. सरकारने चौकशीसाठी समिती नेमली ती माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली. त्यातून घडलेले बदल आज फार थोड्यांना आठवतात. कृषिशास्त्रज्ञांच्या भरतीसाठी १९७३मध्ये स्वतंत्र मंडळ आले. १९७५मध्ये कृषी संशोधन सेवा सुरू झाली आणि जागा रिकामी होण्याची वाट न पाहता ठरावीक काळाने कामाचे मूल्यमापन करून बढती देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. कुणाचा स्वभाव सुधारण्याच्या भानगडीत न पडता, भरती आणि बढती वरिष्ठाच्या मुठीतून काढायची, ही दिशा पन्नास वर्षांपूर्वी सापडली होती. तिने कृषिसंस्थांतला सगळा जाच संपला असा माझा दावा नाही. पण निदान रोगाचे निदान बरोबर होते.

दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक यांचे मूलपेशींवरचे गाजलेले पेपर जानेवारी २००६मध्ये बनावट ठरले. त्याच प्रयोगशाळेत कनिष्ठ संशोधिकांची बीजांडे प्रयोगासाठी घेतली गेली होती. जिथे कनिष्ठ मुलगी बीजांड द्यायला नाही म्हणू शकत नाही, तिथे आकड्याला कोण नाही म्हणणार? उलट उदाहरण हार्वर्डचे. मार्क हाउजर यांच्या माकडांवरील प्रयोगांत त्यांनी नोंदवलेली वर्तने चित्रफितीशी जुळत नाहीत, हे लॅबमधल्या तरुण मंडळींच्या लक्षात आले. सरांनी टाळाटाळ केली, तरी त्यांनी फिती पुन्हा तपासल्या आणि विद्यापीठाला कळवले. २०१०मध्ये विद्यापीठाने आठ बाबतींत हाउजर यांना दोषी ठरवले. त्या मुलांनी मान खाली घातली असती, तर ते निष्कर्ष आज पाठ्यपुस्तकांत असते.

छळणारा नेहमी गाइडच असतो असेही नाही. कधी अख्खे खाते असते. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, जगातल्या पहिल्या बाळानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांची थट्टा केली, सरकारने त्यांना जपानला परिषदेसाठी जाऊ दिले नाही, आणि शेवटी त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली. जून १९८१मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला, तेव्हा हीच देशातली पहिली घटना म्हणून नोंदली गेली. त्या कामातले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांची टिपणे वाचली आणि १९९७मध्ये स्वतःच्या नावावरचा मान मोकळेपणाने त्यांना देऊन टाकला. गोठवून ठेवलेला गर्भ वापरण्याची मुखोपाध्यायांची पद्धत पुढे जगभर रुळली. मधली आठ वर्षे भारतीय विज्ञानाने घालवली ती पैशाच्या कमतरतेमुळे नव्हे.

५. काही आक्षेप

पहिला आक्षेप जुन्या पिढीतल्या प्रामाणिक प्राध्यापकांचा असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. ते म्हणतात, विज्ञान कठोर आहे. आम्हीही ओरडा खाऊनच शिकलो. आजच्या मुलांना 'चूक' म्हटले तरी छळ वाटतो. यात तथ्य आहे. वाईट प्रबंधाला वाईट म्हणणे हे गाइडचे कर्तव्यच. पण कठोरपणा आणि छळ यांतला फरक ओळखायला सोपा आहे. कठोर गाइड कामाबद्दल बोलतो, कारण देतो, आणि विद्यार्थ्याने उलट पुरावा आणला तर मत बदलतो. छळणाऱ्याला उलट पुरावा हाच अपमान वाटतो. म्हणजे छळ करणारा गाइड फाजील कडक नसतोच. वैज्ञानिक शिस्तीत तोच ढिला असतो.

दुसरा आक्षेप प्रतिभेचा: मोठ्या माणसाचे चार दोष पोटात घालावेत. १९३३मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून नकार दिला. त्यांनी ठिय्या धरल्यावर प्रवेश मिळाला, पण वर्षभर उमेदवारी, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ न देण्याची जबाबदारी, अशा अटींवर. रामन यांची प्रतिभा वादातीत. पण कमलाबाईंनी हट्ट सोडला असता, तर केंब्रिजमध्ये वनस्पतींतल्या सायटोक्रोम सीवर त्यांनी केलेले काम आपण गमावले असते, आणि गमावले हे आपल्याला कळलेही नसते. प्रतिभावंताचा हिशेब मांडताना आपण त्याचे पेपर मोजतो. त्याच्या दारातून परत गेलेल्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.

तिसऱ्या आक्षेपाला, म्हणजे खोट्या तक्रारींच्या भीतीला, एक परिच्छेदही पुरे. खोट्या तक्रारी होतात, तशा खऱ्याही दडपल्या जातात. दोन्हींवर उपाय एकच, निष्पक्ष आणि ठरल्या मुदतीत होणारी चौकशी. विभागप्रमुखाच्या केबिनमधली 'समजूत' दोन्ही बाजूंवर अन्याय करते.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे: कायदे आहेतच, मग नवे काय हवे? कायदे आहेत, पण त्यांच्यामधल्या फटीतच हा प्रश्न बसतो. २०१३चा कायदा स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता आहे. २००९चे रॅगिंगविरोधी नियम विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना दिलेल्या त्रासाविषयी आहेत. फाइल अडवणारा, पेपरवरून नाव काढणारा, रोज सगळ्यांसमोर अक्कल काढणारा गाइड यांपैकी कुठेही नीट सापडत नाही. कामगार म्हणून दाद मागावी, तर फेलोशिपला पगार म्हणत नाहीत.

६. तक्रारीची किंमत आणि तीन मागण्या

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात २००५-०६मध्ये सहा विद्यार्थ्यांनी आपल्याच गाइडने अनुदानाच्या अर्जात खोटा डेटा घातल्याचे उघड केले. त्यांचे म्हणणे खरे निघाले, गाइडने पद सोडले. लॅब बंद झाली आणि त्यांतल्या काही विद्यार्थ्यांना पदवीवर पाणी सोडावे लागले. खरे बोलून, जिंकून, वर्षे त्यांचीच गेली. हे पाहणारा सातवा विद्यार्थी काय शिकला असेल? तक्रारपेटी लावून हा धडा पुसला जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी लैंगिक छळावरच्या २०१८च्या अहवालात नेमकी हीच गाठ धरली होती: छळ होईल की नाही याचा सर्वांत मोठा सूचक म्हणजे संस्थेतले वातावरण, आणि विद्यार्थ्याचे एकाच मार्गदर्शकावरचे अवलंबित्व कमी करणे हा उपाय.

म्हणून मागण्या सभ्यतेच्या कार्यशाळांच्या नकोत. प्रत्येक संशोधकाला पहिल्या दिवसापासून दोन मार्गदर्शक असावेत आणि त्यांपैकी एक दुसऱ्या विभागातला असावा. गाइड बदलावा लागला तर फेलोशिप आणि स्वतः गोळा केलेला डेटा विद्यार्थ्याबरोबर जावा. दुसरी मागणी नोंदीची: गेल्या दहा वर्षांत प्रत्येक गाइडकडे किती आले, किती पदवी घेऊन गेले, किती मधेच सोडून गेले, हे संस्थेने जाहीर करावे. गुणपत्रक सर्वांचे असते, गाइडचेही असू द्या. अनुदान देणारी राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान ही संस्था उद्या हा तक्ता अर्जासोबत मागू शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

तिसरी मागणी सगळ्यांत लहान आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. आयोगाच्या पीएच.डी.विषयक नियमांत सल्लागार समितीच्या निमंत्रकाचा एक उल्लेख आहे. तो काढून, निमंत्रक गाइडखेरीज दुसरा कुणी असेल, एवढे लिहावे. २०१६चे नियम बदलून २०२२मध्ये नवे आले, कालावधी आणि पात्रता यांवर पुष्कळ खल झाला, आणि निमंत्रक म्हणून गाइडच कायम राहिला.